लॉरा++ परीक्षण: बी मेसॉनच्या तीन-पायॉन क्षयात पायॉन-स्कॅटरिंग हाताळायला हे सॉफ्टवेअर कितपत पुरतं?

बी किंवा डी मेसॉनचा (क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीच्या जड कणाचा) क्षय होऊन तीन हलके मेसॉन (पायॉन, केऑन) बाहेर पडले, की त्यांच्या डालिट्झ आलेखावर (दोन जोड्यांच्या वस्तुमानांच्या वर्गांचा आलेख) ॲम्प्लिट्यूड (जिच्या वर्गावरून क्षयाची शक्यता निघते ती संमिश्र संख्या) बसवायची वेळ येते. या कामासाठी जी मोजकी सॉफ्टवेअर सर्रास वापरली जातात, त्यांत लॉरा++ हे जुनंजाणतं नाव. मूळ लेखन अमेरिकेतल्या बाबर प्रयोगासाठी झालं. पुढे सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगाच्या लोकांनी ते उचललं आणि आज देखभाल मुख्यतः ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या गटाकडे आहे. सी++ मध्ये लिहिलेलं, सर्नच्या रूट या डेटा-विश्लेषण संचावर उभं असलेलं, अपाची २.० परवान्याखाली फुकट. सविस्तर वर्णनाचा शोधनिबंध २०१८ साली 'कॉम्प्युटर फिजिक्स कम्युनिकेशन्स'मध्ये आला. वापरलंत तर संदर्भ त्याचाच द्यायचा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पायॉन-पायॉन स्कॅटरिंगची (एकमेकांवर आपटून विखुरण्याची) वेगवेगळी वर्णनं एकाच डेटावर, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून, आलटून-पालटून बघायची असतील तर बिनधास्त घ्या. ही सोय इतकी सरळ इतरत्र क्वचितच मिळते. मात्र ती वर्णनं एकमेकांत मिसळताना भौतिकशास्त्र सांभाळणं तुमच्याकडे. चुकीचं मॉडेल दिलंत तरी फिट जुळेल, त्रुटींसकट सुबक तक्ता छापून येईल आणि कुठेही इशारा दिसणार नाही.

स्कॅटरिंगचा एवढा बाऊ कशासाठी, ते आधी बघू. बी प्लसमधून दोन पाय-प्लस (धन प्रभाराचे पायॉन) आणि एक पाय-मायनस (ऋण प्रभाराचा) निघतात. विरुद्ध प्रभारांच्या जोडीचं वस्तुमान ०.२७९ जीईव्हीपासून (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं एकक, त्याचा हजारावा भाग एमईव्ही) ५.१४ जीईव्हीपर्यंत काहीही असू शकतं. त्यातल्या खालच्या दीड-दोन जीईव्हीमध्ये रेझोनन्सची, म्हणजे क्षणभर टिकणाऱ्या कणांची, सगळी गर्दी (कंसातला आकडा एमईव्हीमधल्या वस्तुमानाचा): रो (७७०), ओमेगा, एफ-झीरो (५००) म्हणजे सिग्मा, एफ-झीरो (९८०), एफ-टू (१२७०). क्वार्कच्या पातळीवर क्षय होऊन गेला तरी बाहेर पडणारे पायॉन एकमेकांवर आपटतात आणि त्या आपटण्यातून ॲम्प्लिट्यूडला फेज मिळते. सीपी-विषमता (कण आणि प्रतिकण यांच्या क्षयातला फरक) दिसायला निदान दोन ॲम्प्लिट्यूड हव्यात आणि त्यांच्या वीक फेज तसंच स्ट्राँग फेज वेगवेगळ्या असाव्या लागतात. वीक फेज बी आणि प्रतिबी यांच्यात चिन्ह बदलते, स्ट्राँग बदलत नाही. तीन-पायॉन क्षयात या स्ट्राँग फेजचा मोठा वाटा पायॉन-स्कॅटरिंगमधून येतो. म्हणजे स्कॅटरिंगचं वर्णन चुकलं की विषमतेचं खापर भलत्याच रेझोनन्सवर फुटतं.

याचं ठळक उदाहरण एलएचसीबीचंच. २०१९ मध्ये त्यांनी बी प्लसच्या पायॉन आणि केऑनची जोडी या क्षयाचं विश्लेषण दिलं. त्यात दोन पायॉन आपटून दोन केऑन होणं (आणि उलट) यासाठी वेगळा रिस्कॅटरिंग घटक ठेवला होता. त्याचा फिट फ्रॅक्शन (एकूण क्षयातला वाटा) सुमारे १६ टक्के आणि सीपी-विषमता उणे ६६ टक्क्यांच्या आसपास निघाली. एकाच ॲम्प्लिट्यूडमध्ये एवढी मोठी विषमता तोवर कुणी पाहिली नव्हती. २०२० मध्ये तीन-पायॉन क्षयाचा अहवाल आला. २०११-१२ चा डेटा, सुमारे २०,६०० सिग्नल इव्हेंट. एस-वेव्ह (पायॉनजोडीचा शून्य कोनीय संवेगाचा भाग) पुढे समजावलेल्या तीन निरनिराळ्या पद्धतींनी बसवली: आयसोबार, के-मॅट्रिक्स आणि मॉडेलवर कमीत कमी विसंबणारी तुकड्या-तुकड्यांची पद्धत. पहिल्या दोन लॉरा++ मध्ये, तिसरी इपानेमा-बीटा या ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या संचात. तिन्हींनी एस-वेव्हमध्ये दहा प्रमाण-विचलनांहून ठाम विषमता दाखवली, तसंच एफ-टू (१२७०) मध्ये सुमारे ४० टक्क्यांची. वर्णन बदलूनही उत्तर टिकलं, म्हणून त्यावर विश्वास बसतो. लॉरा++ ची खरी उपयुक्तता इथे आहे.

बसवणी

यात फार अडचण नाही. रूट आधी हवं, तेही मिनुइट (फिटचं किमान शोधणारी) आणि इव्हेंट-जनरेटर लायब्ररींसह. कॉन्डा-फोर्जवरचं तयार रूट चालतं. नव्या आवृत्त्या सीमेक या बांधणी-साधनानं बांधल्या जातात. उदाहरणांचे प्रोग्रॅम बांधायचा पर्याय चालू करायला विसरू नका, कारण खरं मार्गदर्शन त्यांतच आहे. नेहमी अडतं ते एका ठिकाणी: रूट ज्या सी++ मानकानं बांधलंय (१४, १७ की २०) त्याहून वेगळ्या मानकानं लॉरा++ बांधलं, तर संकलन सुरळीत होतं आणि लिंक करताना अनोळखी चिन्हांची रांग लागते. रूट-कॉन्फिगला विचारून त्याच मानकाचा पर्याय सीमेकला द्या. दुसरं म्हणजे लायब्ररीचा मार्ग एन्व्हायर्नमेंटमध्ये नसेल, तर प्रोग्रॅम चालवताना रूटचा शब्दकोश सापडत नाही अशी तक्रार येते.

मॉडेल उभं करणं

सुरुवात तीन-पायॉनच्या 'जेनफिट३पाय' या उदाहरणापासून करा. एकाच प्रोग्रॅमला 'जेन' सांगितलं की तो खोटा डेटा तयार करतो. 'फिट' आणि फिटचा क्रमांक दिला की तोच डेटा बसवतो. साधारण क्रम असा: मूळ कण आणि तीन अपत्यं जाहीर करा, व्हेटो लावा (नको असलेले वस्तुमानाचे पट्टे वगळा), डिटेक्टरच्या कार्यक्षमतेचा नकाशा द्या, ब्लॅट-वाइसकॉफ त्रिज्या (क्षय होणाऱ्या कणाचा आकार) ठरवा (उदाहरणात ४ प्रति जीईव्ही, म्हणजे सुमारे ०.८ फर्मी), मग एकेक रेझोनन्स जोडा, शेवटी प्रत्येकाचा गुणांक द्या, एकाचा मॅग्निट्यूड आणि फेज पक्का ठेवून. बहुधा तो मान रो (७७०) ला मिळतो.

कागदावर हे दहा मिनिटांचं काम वाटतं. पण पुढच्या जागा जपाव्या लागतात.

रेझोनन्स जोडताना जो आकडा द्यायचा, तो जोडीचा नसून उरलेल्या एकट्या कणाचा असतो. १ म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या कणाची जोडी. दोन सारखे पाय-प्लस पहिल्या-दुसऱ्या जागी ठेवले, तर सममिती सॉफ्टवेअर आपणहून ओळखतं आणि ॲम्प्लिट्यूडची अदलाबदल करून बेरीज घेतं. म्हणून रो १ साठी एकदाच जोडायचा. हौसेनं २ साठीही जोडला, तर एकच गोष्ट दोन गुणांकांत वाटली जाते आणि फिट दोघांमध्ये हेलकावे खात राहतो. ३ दिला, तर तुम्ही दोन पाय-प्लसचा रेझोनन्स मागितलाय.

हेलिसिटी कोन (रेझोनन्सच्या चौकटीत अपत्यकणाची दिशा सांगणारा) कोणत्या कणापासून मोजायचा, ही प्रथा प्रत्येक संचाची वेगळी. एक व तीन अशा विषम स्पिनसाठी कोनाची दिशा उलटली की चिन्ह उलटतं, म्हणजे फेजमध्ये १८० अंशांचा फरक पडतो. दुसऱ्या प्रयोगाच्या तक्त्यातल्या फेज थेट घालून डेटा तयार केला, तर रो आणि एस-वेव्हची इंटरफेरन्स आरशातल्यासारखी उलटी दिसेल. डाव्या लोबमध्ये जास्त इव्हेंट यायला हवेत तिथे उजवीकडे येतात. खात्री करायची सोपी युक्ती: फक्त रो आणि एक सिग्मा ठेवून दहा हजार इव्हेंट तयार करा, रोच्या पट्ट्यात हेलिसिटी कोसाइनचा आलेख काढा आणि प्रसिद्ध आलेखाशी ताडून पाहा.

मॅग्निट्यूडचंही तसंच. लॉरा++ प्रत्येक घटकाचा आकार आलेखभर वर्ग करून, बेरीज एक येईल असा मापून घेतं. त्यामुळे गुणांकांची आपापसांत तुलना करता येते. पण इव्हटजेन या सिम्युलेशन प्रोग्रॅमच्या क्षय-फाइलीत किंवा दुसऱ्या निबंधात हे मापन नसेल, तर आकडे जुळायचे नाहीत. तुलना करायची तर फिट फ्रॅक्शनची करा, ते प्रथेवर अवलंबून नसतात.

चौकोनी डालिट्झ आलेख जरूर वापरा. चार्म नसलेल्या क्षयांत सगळे रेझोनन्स त्रिकोणी आलेखाच्या कडांना चिकटतात आणि मधला भाग मोकळा राहतो. चौकोनी रूपात दोन्ही अक्ष शून्य ते एक, कडा ताणल्या जातात, मधला रिकामा भाग आक्रसतो. कार्यक्षमता आणि बॅकग्राउंडचे हिस्टोग्रॅम याच रूपात द्यावेत. दोन सारखे पायॉन असल्यानं थीटा-प्राइम (कोनाचा अक्ष) अर्ध्यापर्यंतच पुरतो. पूर्ण नकाशा देताय की अर्धा, ते हिस्टोग्रॅम जोडताना बरोबर सांगा, नाहीतर कार्यक्षमता चुकीच्या ठिकाणी वाचली जाते. डी-झीरोचा व्हेटो (१.८६५ जीईव्हीच्या आसपास) व्हेटोच्या वर्गाकडेच सोपवा. कार्यक्षमतेच्या हिस्टोग्रॅममध्येही तोच पट्टा शून्य केला, तर इंटरपोलेशनमुळे शून्याची कड शेजारच्या चांगल्या भागात पसरते.

एस-वेव्ह: पैसे वसूल होतात ते इथे

आयसोबार पद्धत म्हणजे रेझोनन्स एकापुढे एक मांडून बेरीज करणं. रोसाठी गुनारिस-सकुराई आकार आहे. पायॉन-पायॉन पी-वेव्ह (एक एकक कोनीय संवेगाचा भाग) त्यात नीट बसते आणि ०.७७५ जीईव्हीला फेज नव्वद अंश ओलांडते. ओमेगा हवा असेल तर तो सुटा जोडू नका. रो-ओमेगा मिश्रणाचा तयार आकार घ्या, त्यात दोघांची सापेक्ष फेज एका गुणांकात येते. इथपर्यंत सगळं छान.

खरी गोची सिग्माची. त्याला साधा ब्राइट-विग्नर (रेझोनन्सच्या शिखराचा नेहमीचा आकार) लावू नये. रॉय-प्रकारच्या डिस्पर्शन समीकरणांतून मिळालेला त्याचा ध्रुव (ॲम्प्लिट्यूड अनंत होते ती संमिश्र ऊर्जा) सुमारे ४५७ उणे आय गुणिले २७९ एमईव्ही इथे आहे, म्हणजे रुंदी वस्तुमानाहूनही जास्त. अशा कणाला ब्राइट-विग्नरचं वस्तुमान आणि रुंदी चिकटवली, तर फेज भलत्याच ठिकाणी नव्वद अंश गाठते. प्रत्यक्ष स्कॅटरिंगमध्ये ती ०.८५ ते ०.९ जीईव्हीच्या आसपास नव्वदला पोचते आणि ०.९८ पाशी एकदम उसळी घेते. लॉरा++ मध्ये सिग्मासाठी साधा ध्रुव आणि बगचं सूत्र असे दोन्ही पर्याय आहेत. आमची पसंती साध्या ध्रुवाला, कारण तो काय करतोय ते डोळ्यांसमोर राहतं.

एफ-झीरो (९८०) केऑनच्या उंबरठ्यावर (०.९८७ जीईव्ही) बसलेला, म्हणून त्याला पायॉन आणि केऑन असे दोन्ही क्षयमार्ग धरणारा फ्लाटे आकार. बीईएस या चिनी प्रयोगाच्या मोजणीत पायॉन-कपलिंग (पायॉनांशी जोडणीचा जोर) ०.१६५ आणि केऑन-पायॉन कपलिंगचं गुणोत्तर ४.२१. हे आकडे भरण्याआधी एक पाहून घ्या: कपलिंगच्या व्याख्येत वस्तुमानाचा गुणक आत गुंडाळलाय की बाहेर ठेवलाय? वेगवेगळ्या निबंधांत दोन्ही प्रथा आहेत. चुकीची धरली तर शिखर दिसतं, पण खांदा केऑन-उंबरठ्याच्या पलीकडे नको तितका लांबतो. आकार नुसता डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. फेजचा आलेख काढून पाहावा लागतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. सिग्मा, एफ-झीरो (९८०), एफ-झीरो (१३७०), एफ-झीरो (१५००), वर एक सपाट नॉन-रेझोनन्ट (रेझोनन्स नसलेला घटक): सगळे एस-वेव्ह, सगळे रुंद, सगळे एकमेकांवर. फिटला आयतं रान मिळतं. दोन घटक प्रचंड होतात, विरुद्ध फेज घेतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. निगेटिव्ह लॉग-लाइकलीहुड (जितका कमी तितका फिट चांगला) सुधारतो, फिट फ्रॅक्शनची बेरीज २०० टक्क्यांवर जाते. हे दिसलं की थांबा. गुणांकांचं कोरिलेशन पाहा, सिग्मा आणि नॉन-रेझोनन्टमध्ये ते ०.९ च्या वर असेल तर डेटा त्या दोघांना ओळखतच नाहीये. रुंद ब्राइट-विग्नरांची बेरीज युनिटॅरिटी (सगळ्या शक्यतांची बेरीज एक राहणं) पाळत नाही आणि सॉफ्टवेअर ते तपासत नाही. सिग्मा आणि एफ-झीरो (९८०) यांच्यावर थांबून, वरच्या भागासाठी रिस्कॅटरिंगचा घटक घालणं हा जास्त प्रामाणिक मार्ग.

रिस्कॅटरिंग घटक पेलाएझ आणि यिंदुराइन यांच्या पॅरामीटरायझेशनवर आधारलेला आहे. एक उगमाचा गुणक, जो वस्तुमानाच्या वर्गाबरोबर हळूहळू घटतो. त्याला एक उणे इनइलॅस्टिसिटीचा वर्ग याच्या वर्गमुळानं गुणायचं आणि स्कॅटरिंगची फेज लावायची. इनइलॅस्टिसिटी एक असेल, म्हणजे पायॉन पायॉनच राहत असतील, तर घटक शून्य. केऑन-उंबरठा ओलांडला की तो जागा होतो. एलएचसीबीनं तो ०.९५ ते १.४२ जीईव्ही या पट्ट्यात वापरला. वरच्या टोकाला जपा: मूळ पॅरामीटरायझेशन १.४२ च्या वर जातच नाही. त्यापुढे हा आकार ताणलात, तर एफ-टू (१२७०) च्या वरच्या बाजूला आणि रो (१४५०) च्या गुणांकात खोटे बदल दिसू लागतात.

के-मॅट्रिक्स, म्हणजे एकमेकांवरचे सगळे रेझोनन्स आणि क्षयमार्ग (चॅनेल) एकत्र मांडणारी पद्धत, हा मात्र या संचातला दागिना आहे. अनिसोविच आणि सारांत्सेव यांच्या स्कॅटरिंग विश्लेषणातले आकडे त्यात वापरतात: पाच ध्रुव (०.६५१, १.२०४, १.५५८, १.२१० आणि १.८२२ जीईव्ही), पाच चॅनेल (दोन पायॉन, दोन केऑन, चार पायॉन, दोन ईटा, ईटा-ईटाप्राइम). मॅट्रिक्सचे आकडे आधीच्या प्रयोगांतून पक्के झालेले, ते तुम्ही हलवत नाही. फिटमध्ये मोकळं राहतं ते उत्पादन: बी मेसॉननं कोणता ध्रुव किती जोरानं तयार केला आणि हळू बदलणारा भाग कोणत्या चॅनेलमधून किती आला. म्हणजे स्कॅटरिंगची युनिटॅरिटी दोन कणांच्या पातळीवर आपोआप सांभाळली जाते. लॉरा++ मध्ये आधी प्रॉपगेटर जाहीर करायचा (आकड्यांची फाइल, चॅनेल, ध्रुव आणि मॅट्रिक्सची ओळ, पायॉनसाठी ओळ १), मग उत्पादनाचे ध्रुव आणि हळू बदलणारे भाग एकेक करून जोडायचे.

सगळे दहाच्या दहा जोडले तर वीस वास्तव संख्या मोकळ्या होतात. काही हजार इव्हेंटना हे झेपत नाही. आधी दोन-तीन ध्रुव आणि पहिल्या दोन चॅनेलांचे हळू भाग ठेवा, मग एकेक वाढवत लाइकलीहुड किती सुधारतो ते बघा. ईटा-ईटाप्राइमचा उंबरठा १.५०६ जीईव्हीला आहे, त्याचा हळू भाग खालच्या डेटाला बहुधा ओळखू येत नाही. आणि प्रत्येक ध्रुवाचा सुटा फिट फ्रॅक्शन छापू नका. ०.६५१ चा ध्रुव म्हणजे सिग्मा नव्हे, ते के-मॅट्रिक्सचे अंतर्गत आकडे आहेत. अर्थ आहे तो पूर्ण एस-वेव्हच्या एकत्रित फ्रॅक्शनला. उपलब्ध विश्लेषण १.९ जीईव्हीच्या खालचं, आणि बीच्या क्षयात पायॉनजोडी ५ जीईव्हीपर्यंत जाते. वरच्या भागात के-मॅट्रिक्सची लांब शेपटी उरते, तिची सिस्टिमॅटिक (मॉडेलच्या निवडीमुळे येणारी) त्रुटी वेगळी मोजावी लागते.

चौथा पर्याय मॉडेल-स्वतंत्र: वस्तुमानाच्या अक्षावर गाठी ठेवायच्या, प्रत्येक गाठीचा मॅग्निट्यूड आणि फेज मोकळा सोडायचा, मधे स्प्लाइन (गाठी जोडणारा गुळगुळीत वक्र). गाठी समान अंतरावर ठेवणं चूक. ०.९ ते १.०५ जीईव्हीमध्ये दाट हव्यात, कारण फेज तिथेच उसळते. पहिल्या फेरीत गाठी पक्क्या ठेवून दुसऱ्या फेरीत मोकळ्या करण्याची सोय आहे. ती वापरली नाही, तर मिनुइट सुरुवातीलाच भरकटतो. गाठींवरून निघालेली फेज पायॉन-स्कॅटरिंगच्या मोजलेल्या फेजशी ताडून पाहता येते. केऑन-उंबरठ्याखाली, तिसऱ्या पायॉनचा हस्तक्षेप नगण्य असेल तर, वॉटसनच्या प्रमेयानुसार दोन्हींचा चढ सारखा असायला हवा. फरक दिसला तर तो तिसऱ्या कणाचा किंवा तुमच्या कार्यक्षमतेच्या नकाशाचा. दुसरी शक्यता आधी तपासा.

वेग आणि इंटिग्रल

सगळे आकार पक्के असतील, तर इव्हेंटनिहाय ॲम्प्लिट्यूड आणि इंटिग्रल एकदाच काढून साठवले जातात, फिट झपाट्यानं होतो. एखादं वस्तुमान, रुंदी किंवा कपलिंग मोकळं केलं, की मिनुइटच्या प्रत्येक पावलाला तो घटक पुन्हा मोजावा लागतो आणि वेग कितीतरी पटींनी घसरतो. म्हणून आधी सगळं पक्कं ठेवून किमान गाठा, मग तिथून सिग्माचा ध्रुव मोकळा करा.

इंटिग्रलची जाळी ५ एमईव्हीची असते. रुंदी २० एमईव्हीपेक्षा कमी असलेला रेझोनन्स दिसला, तर त्याच्या पट्ट्यात जाळी शंभर पटींनी बारीक होते. ओमेगा (८.७ एमईव्ही) त्यात येतो. रो-ओमेगा मिश्रणात मात्र ओमेगा रोच्या नावाखाली लपलेला असतो, तेव्हा त्या पट्ट्यात जाळी पुरेशी बारीक झाली का, ते प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या छापील ओळींत वाचा. शंका असेल तर जाळी निम्मी करून पुन्हा फिट करा. फ्रॅक्शन हललं तर आधीची जाळी अपुरी होती.

फिट चालवताना

एकदा फिट करून थांबू नका. प्रारंभिक गुणांक यादृच्छिक घेण्याचा पर्याय चालू करा, वेगवेगळ्या फिट-क्रमांकांनी किमान पन्नासदा चालवा आणि सगळ्यांत कमी निगेटिव्ह लॉग-लाइकलीहुडचा निकाल घ्या. फेज असलेल्या प्रश्नांना अनेक खड्डे असतात. दोन खड्ड्यांत फरक एक-दोन एककांचाच असेल, तर दुसराही निकालात सांगावा लागतो. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सची स्थिती ३ (मिनुइटच्या भाषेत पूर्ण आणि अचूक) नसेल, तर त्या फिटच्या त्रुटींना किंमत नाही. मग निकालाच्याच आकड्यांवरून काही शे खोटे संच तयार करा, तेच फिट लावा आणि पुलचा (खऱ्या आकड्यापासूनचा फरक भागिले त्रुटी) मध्य शून्य, रुंदी एक येते का ते बघा. लहान घटकांच्या मॅग्निट्यूडला इथे नेहमी वरच्या बाजूचा कल दिसतो, कारण मॅग्निट्यूड ऋण होऊ शकत नाही. अशा वेळी वास्तव-काल्पनिक भागांचे गुणांक वापरा. सीपी-विषमतेच्या फिटसाठीही कार्टेशियन गुणांकांचा संच तयार आहे, तोच घ्या.

खोटा डेटा बनवताना कमाल तीव्रतेचा अंदाज द्यावा लागतो. कमी दिला तर सॉफ्टवेअर ते ओळखतं, मर्यादा वाढवून पहिल्यापासून सुरू करतं. फार मोठा दिला तर बहुतेक प्रयत्न फेटाळले जातात आणि काम रेंगाळतं.

काय नाही

तीन कणांचं एकत्र स्कॅटरिंग नाही. तिसरा पायॉन प्रेक्षक आहे असंच धरलं जातं. डी मेसॉनमध्ये ऊर्जा कमी आणि तिन्ही कण जवळजवळ, तिथे ही उणीव बीपेक्षा जास्त बोचते. पायॉन आणि केऑन चॅनेल एका सीपीटी-बंधनानं (प्रभार, आरसा आणि काळ एकत्र उलटवण्याच्या सममितीचं बंधन) जोडण्याची तयार सोयही नाही. ही खरोखर हवी आहे. एलएचसीबीच्या २०१४ च्या मोजणीत तीन पायॉनांची विषमता अधिक ५.८ टक्के आणि दोन केऑन-एक पायॉनची उणे १२.३ टक्के होती. २०२३ च्या मोठ्या डेटात हेच आकडे अधिक ८.० आणि उणे ११.४ झाले. रिस्कॅटरिंगनं जोडलेल्या चॅनेलांत एकाची विषमता दुसऱ्यात भरून निघावी अशी सीपीटीची अपेक्षा असते. दोन्ही क्षय एकाच फिटमध्ये, सामायिक आकड्यांसह बसवायचे, तर जेफिट ही सर्व्हर-क्लायंट सोय आहे. तिनं समान पॅरामीटर वाटून घेता येतात, पण बंधन स्वतः लिहावं लागतं.

ग्राफिक्स कार्डाचा आधारही नाही. लाखांत इव्हेंट असतील आणि आकार मोकळे सोडायचे असतील तर गूफिट किंवा टेन्सरफ्लोवर आधारलेले संच पाहा. चार कणांच्या क्षयासाठी ॲम्पजेनकडे वळा, लॉरा++ तीन कणांपुरतंच आहे. दस्तऐवज मूळ निबंधात उत्तम आहेत, पण नंतर आलेल्या वर्गांसाठी हेडर फाइली वाचणं हाच मार्ग.

कुणी घ्यावं? बीच्या किंवा डीच्या तीन-मेसॉन क्षयावर काही हजार ते काही दहा हजार इव्हेंट घेऊन बसलेल्या प्रत्येकानं. ते एलएचसीबीला बांधलेलं नाही, जपानमधल्या बेल-टू प्रयोगाच्या डेटावरही तितकंच चालतं. मुंबईचं टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र त्या प्रयोगात आहे, तेव्हा इथल्या विद्यार्थ्यांना हे थेट कामाचं. एम.एस्सी. प्रकल्पासाठी मात्र पूर्ण फिट करायचा हट्ट नको. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर एलएचसीबीचा २०११ चा तीन-हॅड्रॉनचा संच आहे, दोन चुंबक-दिशांच्या दोन फाइली मिळून ८५ लाखांहून जास्त उमेदवार. प्रत्येक कणाचे तीन संवेग-घटक, प्रभार, केऑन व पायॉन असण्याची संभाव्यता, म्युऑन आहे का याची खूण एवढं त्यात मिळतं. प्रकल्पाचा मूळ रोख तीन केऑनांवर आहे. निवड, वस्तुमान, डालिट्झ आलेख आणि भागाभागातली विषमता एवढं त्यावर सुरेख जमतं. सोबतची सिम्युलेशन फाइल फक्त फेज-स्पेसची आहे, तिच्यावरून डिटेक्टरच्या कार्यक्षमतेचा नकाशा बनत नाही, त्यामुळे ॲम्प्लिट्यूड फिटसाठी तो संच अपुरा पडतो. त्या सरावासाठी लॉरा++ नंच दोन-तीन हजार इव्हेंट तयार करा: एकदा के-मॅट्रिक्सनं डेटा बनवून आयसोबारनं बसवा, एकदा उलट, आणि रोच्या फ्रॅक्शनमध्ये किती फरक पडतो ते वहीत लिहून ठेवा.